दर बुधवारी, खोली तीन

सोमवारी सकाळी साडेनऊला हॉलच्या दारातली लाकडी पेटी उघडणं हे धाकटीचं आठवड्याचं पहिलं काम. पेटीला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली पेटीच्याच डोक्यावर ठेवलेली असायची. मग कुलूप कशाला, असं विचारणारा एकही माणूस पंचवीस वर्षांत भेटला नव्हता. आत वस्तीतल्या लोकांनी टाकलेल्या चिठ्ठ्या असत. शनिवारी जुन्या पुस्तकांची अदलाबदल. रविवारी बुद्धिबळाच्या स्पर्धा, वय आठ ते ऐंशी. मंगळवारी रक्तदाब तपासणी, रांगेत भांडू नये, आकडा वाढतो. करडं मांजर हरवलं आहे, हाक मारली तर येत नाही, आधीही येत नसे. धाकटी चष्मा लावून चिठ्ठ्या वाचायची, हसण्यासारखं असेल तिथेही हसायची नाही, आणि एकेक टाइप करत जायची. अलीकडे ती नुसत्या पाट्या टाकत होती आणि हे तिचं तिलाही कळत होतं.

या चिठ्ठ्यांमधून एक पानी पत्रक निघायचं. नाव 'आपला आठवडा'. गुरुवारी मजकूर छापखान्यात जायचा, शुक्रवारी गठ्ठा यायचा, आणि औषधाच्या दुकानापासून केस कापायच्या दुकानापर्यंत सगळीकडे धाकटी स्वतः तो वाटून यायची. पानाचे दोन भाग होते. वर त्या आठवड्यापुरते कार्यक्रम, तारखेसकट. खाली 'दर आठवड्याला' असं शीर्षक आणि त्याखाली कायमचे वर्ग, व्यायाम, चित्रकला, विणकाम वगैरे. वरचा भाग दर वेळी नवा असायचा. खालचा छापखान्यात होता तसाच ठेवलेला असायचा, आणि त्यात काही बदलायचं तर लेखी द्यावं लागे. तोंडी सांगितलेलं छापखानेवाले काका मान डोलावून ऐकत आणि विसरून जात.

शिवाय एक नियम होता. हॉलच्या पहिल्या व्यवस्थापकांनी तो घालून दिला होता आणि ते गेले तरी नियम राहिला होता: छापलं ते होणार. एकदा जादूगार आला नाही, तेव्हा व्यवस्थापकांनी स्वतः तासभर पत्त्यांचे खेळ केले, एकही पत्ता धड न ओळखता. मधमाश्यांवर बोलणारे पाहुणे आजारी पडले, तेव्हा नळदुरुस्तीवाल्याला उभं केलं. तो गळक्या नळांवर इतका रंगून बोलला की लोक अजून आठवण काढतात. हातातली कामं टाकून आलेल्या माणसांच्या तोंडाला पानं पुसायची नाहीत, असं व्यवस्थापक म्हणायचे. धाकटी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. तिच्या लेखी छापलेला कार्यक्रम म्हणजे दगडावरची रेघ होती.

तिला सगळे धाकट्या बाई म्हणत, कारण थोरल्या बाई आधीपासून होत्या. थोरली तिची सख्खी बहीण, सात वर्षांनी मोठी. एकोणीस वर्षं दर बुधवारी दुपारी चार ते पाच ती खोली तीनमध्ये विणकाम शिकवायची. हॉलच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत दोघी राहत. लग्न दोघींचंही झालं नव्हतं. एकीचं जमलं नाही आणि दुसरीने जमू दिलं नाही, असं थोरली सांगायची, पण कुठली कोण ते सांगायची नाही.

थोरली गेली त्याला आता अडीच महिने झाले होते. तिला दोन दिवस कणकण होती. मंगळवारी संध्याकाळी ती म्हणाली, "उद्याचा वर्ग राहू दे गं. अंगात जीवच नाही." धाकटी टेबलावर चिठ्ठ्या लावत बसली होती. कागद चाळता चाळता, मान वर न करता तिने उत्तर दिलं, "एकच आठवडा, ताई. छापून झालंय." त्यावर थोरली हसली की तिने नुसता श्वास सोडला, हे धाकटीला पुढे कितीही आठवलं तरी सांगता आलं नाही, कारण तिने पाहिलंच नव्हतं. बुधवारी थोरली हॉलवर गेली, तासभर शिकवलं, घरी येऊन विणकामाची पिशवी खुंटीला अडकवली आणि बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसली. धाकटी सहाला परतली तेव्हा ती तशीच बसलेली होती. बूट धाकटीने काढले. नाड्यांच्या गाठी इतक्या घट्ट होत्या की शेवटी कात्री घ्यावी लागली.

पिशवी खुंटीवरच राहिली. तिच्यात करड्या लोकरीचा एक स्वेटर होता, धाकटीसाठी विणायला घेतलेला. एक बाही पूर्ण होती, दुसरी चार बोटं. धाकटीला विणता येत नव्हतं. बहीण घरात असताना शिकायची गरज काय, असं तिला कायम वाटत आलं होतं.

त्यानंतर हॉल छताच्या दुरुस्तीसाठी नऊ आठवडे बंद राहिला. पत्रकही बंद. धाकटी घरात बसून राहायची, चहा करायची आणि प्यायची विसरायची. हॉल उघडला तेव्हा तिने मारूनमुटकून पहिलं पत्रक काढलं, वाटून आली आणि पुन्हा ऑफिसातल्या खुर्चीत बसली.

त्या बुधवारी सव्वापाचला कंडक्टर खोली तीनची किल्ली द्यायला ऑफिसात आले. बसवरची नोकरी सुटून त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण नाव तेच राहिलं होतं. विणकामाच्या वर्गातले ते एकटे पुरुष, आणि वर्ग संपला की खोली बंद करायचं काम त्यांच्याकडे. सगळी हयात बस रिकामी झाली का ते बघण्यात गेलेली. अगदी मागपर्यंत नजर टाकल्याशिवाय ते दिवा बंद करत नसत, दार ओढत नसत.

"छान झाला वर्ग," किल्ली खिळ्याला अडकवत ते म्हणाले. "बाई जरा दमलेल्या वाटल्या."

धाकटीने हो म्हटलं. ते निघून गेले आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण कशाला हो म्हटलं. तिने पत्रक ओढलं आणि खालचा भाग वाचला. बुधवार, चार ते पाच, खोली तीन, विणकाम. शिकवणार थोरल्या बाई. लोकर आपापली आणावी. ओळ काढायला लेखी द्यायचं राहून गेलं होतं.

कंडक्टरांचं वय झालंय, असं स्वतःशी म्हणत ती समोरच्या खोलीत गेली. ऑफिस आणि खोली तीन यांच्यामध्ये फक्त एक अरुंद बोळ होता. आत सहा खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. सातवी खिडकीला पाठ करून ठेवलेली होती, उजेड हातांवर पडावा म्हणून थोरली ठेवायची तशी. खोलीत निलगिरीच्या तेलाचा वास होता. थोरली बोटांच्या पेरांना ते तेल चोळायची. सातव्या खुर्चीखाली करड्या लोकरीचा वीतभर तुकडा पडला होता. धाकटीने तो उचलला, बोटाला गुंडाळला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही. घरी पिशवी खुंटीवर होती. तिने पहिल्यांदाच ती उघडून पाहिली. दुसरी बाही चार बोटंच होती.

दुसऱ्या दिवशी ती औषधाच्या दुकानात गेली. दुकानातल्या काकूही त्याच वर्गातल्या.

"काल वर्ग कोणी घेतला, काकू?"

"कोणी म्हणजे? थोरल्या बाईंनी."

"काकू, ताई गेली. तुम्ही घरी भेटायला आला होता."

काकूंचा हात गोळ्यांच्या पाकिटावर थांबला. गिऱ्हाईकाने मागितलेली वस्तू कुठल्या कप्प्यात ठेवली ते आठवावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"हो," त्या सावकाश म्हणाल्या. "आले होते खरी."

"मग?"

"मग काय? पत्रकात होतं, म्हणून आम्ही गेलो. पत्रकात होतं, म्हणून त्याही आल्या असतील." त्यांनी पाकीट पुढे सरकवलं. ते धाकटीने मागितलेलंच नव्हतं. "तुम्ही झोपत नाही का हो नीट? डोळे बघा."

त्याच दिवशी, गुरुवारी, छापखान्यात काकांनी नेहमीसारखं विचारलं, "खालचा मजकूर?"

ओळ काढून टाकायची चिठ्ठी धाकटीच्या पर्समध्ये लिहून तयार होती. तिने पर्सच्या कडीवर बोटं ठेवली.

"तसाच," ती म्हणाली.

तिला बहिणीला एकदा पाहायचं होतं, याहून दुसरं काही नाही. माफी मागायची होती, तीही मान वर करून. बाकी हे खरं का खोटं, शक्य का अशक्य, याचा विचार करायला अंगात त्राण लागतं. ते तिच्याकडे उरलेलं नव्हतं.

बुधवारी चारच्या ठोक्याला ती खोली तीनमध्ये गेली. सहाही जण लोकर मांडीवर घेऊन बसले होते. सातवी खुर्ची रिकामी होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"चालू द्या तुमचं," धाकटी म्हणाली.

"तुमचं काय काम असेल ते होऊ दे," कंडक्टर अवघडून म्हणाले. "मग सुरू करू."

ती भिंतीला टेकून पंधरा मिनिटं उभी राहिली. कुणी सुई उचलली नाही. काकूंनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी धाकटी बाहेर आली आणि तिने दार ओढून घेतलं. कडी पूर्ण बसायच्या आत आतून सुयांचा आवाज सुरू झाला, आणि त्या आवाजावरून एक घोगरा, ओढलेला सूर. दोन सुलट, एक उलट. दोन सुलट, एक उलट. हा टाका सुटला, मागे जा.

तिने दार उघडलं. सहाजण तिच्याकडे बघत होते. सुया मांडीवर होत्या.

ती पुन्हा बाहेर आली, आणि पाच वाजेपर्यंत दाराच्या लाकडाला कान लावून उभी राहिली. फार रडली. पण खरं सांगायचं तर अडीच महिन्यांत पहिल्यांदाच तिला बरं वाटत होतं. त्यामुळे पुढच्या गुरुवारीही ती म्हणाली, "तसाच." त्याच्या पुढच्याही.

दर बुधवारी कंडक्टर किल्ली द्यायला येत आणि दोन वाक्यं बोलून जात. "आज बाई बसूनच होत्या, उठल्या नाहीत." आठवड्याने म्हणाले, "पाणी मागितलं. दिलं तर हातात नुसता धरून बसल्या ग्लास." त्याच्या पुढच्या शुक्रवारी पत्रकं ठेवायला गेलेल्या धाकटीला काकूंनी सांगितलं, "त्या एकच बाही विणत असतात हो. तास तास विणतात. वाढत काही नाही." घरी पिशवीत बाही चार बोटं होती. धाकटी आता रोजच मोजत होती.

पाचव्या बुधवारी कंडक्टरांनी किल्ली लगेच अडकवली नाही.

"तुमच्यासाठी निरोप आहे," ते म्हणाले. "धाकटीला सांगा, म्हणाल्या."

"काय सांगा?"

"तेवढंच. मग टाके मोजायला लागल्या. जाताना परत म्हणाल्या, राहू दे म्हणावं."

धाकटीच्या हातात पेन होतं. ते तिने खाली ठेवलं.

"राहू दे, असं म्हणाली?"

"राहू दे गं, असं." कंडक्टर दाराकडे बघत होते. "बाईंना घरी जायचं असतं हो. बूट घालूनच बसतात. सारख्या घड्याळाकडे बघतात, पण उठता येत नाही त्यांना. आम्हालाही वाईट वाटतं. पण पत्रकात असतं, मग आम्ही तरी काय करणार?"

इतकं कळल्यावर दुसऱ्या दिवशी धाकटीने काय करायला हवं होतं, ते सांगायला कुणी शहाणा नको. तिने केलं नाही. छापखान्याच्या दारात उभी राहून ती स्वतःशी म्हणाली, एकच आठवडा. पुढच्या वेळी नक्की. आणि काकांना म्हणाली, "तसाच."

त्या बुधवारी दाराला कान लावल्यावर आतून मोजणं आलं नाही. नुसता श्वास येत होता, जिना चढून आलेल्या माणसाचा असतो तसा. तासभर. धाकटीला लाज वाटली. सख्ख्या बहिणीला आपण दोनदा ताटकळत ठेवलं, आणि दुसऱ्यांदा तर सगळं ठाऊक असून, हे तिला अगदी उघड दिसलं.

गुरुवारी तिने चिठ्ठी काकांच्या हातात दिली. बुधवारचा विणकामाचा वर्ग बंद. खाली सही. काकांनी ती वाचली, खिळ्याला टोचली आणि ओळ काढून टाकली.

पुढच्या बुधवारी चार वाजता खोली तीनमध्ये कुणी आलं नाही. खुर्च्या भिंतीशी एकावर एक रचलेल्या होत्या. तेलाचा वास नव्हता, होता तो नव्या रंगाचा. धाकटीने एक खुर्ची काढली आणि मधोमध ठेवून बसली.

"चुकलं माझं, ताई," ती मोठ्याने म्हणाली. "तू सांगत होतीस आणि मी वरसुद्धा बघितलं नाही. आता जा तू. घरी जा."

तिने खुर्ची पुन्हा भिंतीशी नेऊन ठेवली. घरी येऊन ती न जेवताच आडवी झाली आणि कित्येक दिवसांनी सलग नऊ तास झोपली. सकाळी चहा ठेवताना तिचं लक्ष खुंटीकडे गेलं. खुंटी रिकामी होती. तिने पलंगाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, दाराची कडी पाहिली. कडी आतून लावलेली होती.

ताई आपली पिशवी घेऊन गेली, असा तिने अर्थ लावला. तिला तो पटलाही. त्याच दिवशी, गुरुवारी, तिने वरचा मजकूर छापखान्यात नेऊन दिला, खालच्याबद्दल काका काही विचारतील म्हणून क्षणभर थांबली, त्यांनी विचारलं नाही.

शुक्रवारी दुपारी ती औषधाच्या दुकानात पत्रकं ठेवत होती. काकूंनी एक उचलून खालून वाचायला सुरुवात केली. त्या नेहमी खालूनच वाचत.

"बरं झालं. मला वाटलं वर्ग बंदच पडला," काकू म्हणाल्या. "आणि आता तुम्ही का? शिकलात कधी?"

धाकटीने त्यांच्या हातातलं पत्रक घेतलं. दर आठवड्याला. बुधवार, चार ते पाच, खोली तीन, विणकाम. शिकवणार धाकट्या बाई. लोकर आपापली आणावी.

गठ्ठा तिथेच टाकून ती छापखान्यात गेली. काका चष्मा पुसत होते.

"लेखी आलं म्हणून घातलं," ते म्हणाले आणि खिळ्यावरचे कागद उलटू लागले. "ही बघा."

चिठ्ठीवर डावीकडे झुकलेलं अक्षर होतं. ताईच्या याच अक्षरावरून धाकटीने लहानपणी पाढे गिरवले होते. वर्ग चालू ठेवावा. धाकटी शिकवेल. एकच आठवडा.

"ही कोणी आणून दिली?"

"बाईंनी. काल, तुम्ही येऊन गेलात त्यानंतर लगेच."

"कुठल्या बाईंनी, काका?"

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "मी काय तोंडं बघतो का? हॉलच्या बाई. बसा म्हटलं तर म्हणाल्या, नको, घरी निघालेय. खांद्याला पिशवी होती."

"यात एकच आठवडा लिहिलंय. तुम्ही दर आठवड्याला खाली घातलंत."

"खालच्या भागात तारीख नसते, तुम्हाला माहीत आहे." त्यांना आता कंटाळा आला होता. "काढायचं असेल तर लेखी द्या. पुढच्या गुरुवारी काढतो. हे तर छापून झालं."

धाकटीने तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं. काकांनी कागद खिळ्याला टोचला.

बुधवारी दुपारपर्यंत ती स्वतःला समजावत राहिली की आपण जायचं नाही. विणता न येणारी बाई विणकाम काय शिकवणार? पण पत्रक दुकानादुकानांत होतं. सकाळपासून तिघांनी येताजाता सांगितलं होतं, येतो हं चारला. माणसं कामं टाकून येणार. आणि एकच तर आठवडा होता. ताईने तर असे दोन आठवडे काढले होते, तेही दमलेली असताना.

चारला पाच कमी असताना ती खोली तीनमध्ये गेली.

सहा खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. सहाजण बसले होते. सातवी खुर्ची खिडकीला पाठ करून होती आणि तिच्या पाठीला पिशवी अडकवलेली होती.

धाकटी बसली. खुर्ची गरम होती.

"मला काही येत नाही हं," ती म्हणाली. कुणी हसलं नाही. सगळे तिच्या हातांकडे बघत होते.

तिने पिशवीतून करडा स्वेटर काढला. चार बोटं बाही सुयांवर होती. तिने सुया हातात घेतल्या आणि बोटं आपोआप चालायला लागली. पेरांना निलगिरीचा वास येत होता.

"दोन सुलट, एक उलट," धाकटी म्हणाली. आवाज घोगरा आला. तिने घसा साफ केला, पण तो तसाच राहिला.

तिने पुष्कळ विणलं. बाही चार बोटंच राहिली.

"पाणी देऊ का, बाई?" काकूंनी विचारलं.

ग्लास हातात आला. तो तोंडापर्यंत न्यायचा कंटाळा आला, म्हणून तिने तो धरून ठेवला.

पाच वाजले. लोकरीचे गुंडे पिशव्यांत गेले. एकेक जण उठला, येतो म्हणाला, गेला.

"आजच्यापुरतंच होतं हे," धाकटी कंडक्टरांना म्हणाली. "पुढच्या बुधवारी नाही."

"थोरल्या बाईही असंच म्हणायच्या," कंडक्टर म्हणाले.

तिने उठायला पाय रेटले. पाय हलले नाहीत. दुखत नव्हते, कुणी धरलेही नव्हते. ते फक्त फार दमले होते.

कंडक्टर दारात उभे राहिले. सवयीप्रमाणे त्यांनी पहिल्या खुर्चीपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत नजर फिरवली. ती नजर धाकटीवरून गेली आणि खिडकीपर्यंत पोचली. त्यांनी दिवा बंद केला.

तिने त्यांना हाक मारली. तोंडातून आलं ते दोन सुलट, एक उलट.

दार ओढलं गेलं. किल्ली फिरली.

बोळातून त्यांची पावलं ऑफिसात गेली. ऑफिसात या वेळी आपल्याखेरीज कुणी नसतं, हे धाकटीइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? किल्ली खिळ्याला अडकवल्याचा आवाज आला.

"छान झाला वर्ग," कंडक्टर म्हणाले. "बाई जरा दमलेल्या वाटल्या."

टेबलावर कागद सळसळले. मग ते चाळता चाळता, मान वर न करता बोलावं तसं कुणीतरी म्हणालं, "एकच आठवडा. छापून झालंय."